कोपरा फाटलेला फॅक्स

मेक्सिकोतल्या एका फुटबॉल संघाला मी एकदा सेमीफायनलमधून बाहेर काढले आहे. एकट्याने, आणि तेही पेणच्या एसटी स्टँडसमोरच्या टेलिफोन बूथमध्ये उभे राहून. त्या संघाला याचा पत्ता नव्हता. तिकडे ते आनंदाने नाचत होते आणि इकडे मी त्यांचा निकाल लावून रोह्याची गाडी पकडायला पळत होतो.

हे माझ्या हातून घडले ते मी शिकलेलो होतो म्हणून. न शिकलेल्या माणसाने तो कागद मुकाट्याने खिशात घातला असता आणि ज्याचा त्याला नेऊन दिला असता.

आमचे गाव पेणजवळ, खाडीच्या अंगाला. वडील मिठागरावर कामाला. घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि बी.एस्सी. झालेला तर आमच्या आळीतलाच पहिला. निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी पेढे आणले आणि पहिला पेढा मला न देता माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना नेऊन दिला. ते बरोबरच होते. सरांनी निबंधाच्या वह्या तपासून तपासून मला इंग्रजी शिकवले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पुढे जे झाले त्यात त्यांचा काही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षे असतील. रोह्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत रंगाची भुकटी बनवणारी एक कंपनी होती, तिथे मी केमिस्ट म्हणून लागलो. तीन शिफ्टची नोकरी. मी लागलो त्याच वर्षी कंपनीने परदेशातून एक मोठा ड्रायर मागवला. तो बसवून चालू करून द्यायला एक इंजिनीअर आले, ते मेक्सिकोचे निघाले. कँटीनमध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

"मेक्सिको म्हणजे अमेरिकाच ना?"

"अमेरिकेच्या खाली."

"खाली म्हणजे गरीब?"

"तुझ्यापरीस बरा हाय. विमानाने आलाय."

मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना उभे करून विचारले, इंग्रजी कोणाचे चांगले आहे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितले. मी खाली बघायला हवे होते, ते बघितले नाही. त्या दिवसापासून मी इंजिनीअरसाहेबांचा मदतनीस झालो. शिफ्ट सुटली, दिवसाची ड्युटी मिळाली, हातात वही आली. खरे तर त्यांचे इंग्रजी माझ्याइतकेच अशक्त होते, त्यामुळे आमचे उत्तम जमले. दोघेही एकमेकांच्या चुका न ओळखता पुढे जात होतो.

त्यांनी पहिल्याच दिवशी मी काय शिकलो ते विचारले. मी सांगितले. ते मान किंचित झुकवून म्हणाले, "आ, लिसेन्सियादो." त्यांच्याकडे पदवी घेतलेल्या माणसाला म्हणे अशीच हाक मारतात, लिसेन्सियादो म्हणजे पदवीधर. मला माझ्या पदवीने हाक मारणारा तो जगातला पहिला माणूस. त्या संध्याकाळी गावाच्या वाटेवर कोणी नाही असे पाहून मी तो शब्द दोनदा मोठ्याने म्हणून बघितला. आमच्या फिटरने मात्र तो एकदाच ऐकला आणि त्याचे 'लायसन्स' करून टाकले. आठवड्यात सगळी कंपनी मला लायसन्स म्हणू लागली. "ए लायसन्स, तुझा साहेब शोधतोय."

इंजिनीअरसाहेब चाळिशीचे, बुटके, शांत माणूस. माझ्या डब्यातली सुकटीची चटणी त्यांना पहिल्या दिवसापासून चालली. पण डिसेंबर लागला तसे ते अस्वस्थ दिसायला लागले. मला वाटले मशीन बिघडले. मशीन ठीक होते. त्यांनी माझी वही घेतली आणि तिच्यात आठ चौकोन काढले.

त्याला ते 'लिगिया' म्हणायचे. त्यांच्या देशात साखळी सामने संपले की गुणांच्या तक्त्यातले वरचे आठ संघ उरतात आणि त्यांची बाद फेरी सुरू होते. आधी चार जोड्या, मग दोन, मग फायनल. प्रत्येक जोडीचे सामने दोन, एक तुमच्या गावात आणि एक आमच्या गावात, आणि दोन्हींच्या गोलांची बेरीज करायची. बेरीज सारखी आली तर काय, हेही त्यांनी सांगितले. नेमका तेव्हाच कॉम्प्रेसर सुरू झाला आणि मला एक अक्षर ऐकू आले नाही. मी मान हलवली. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच अडचणी न ऐकता मान हलवल्यामुळे आलेल्या आहेत.

त्यांच्या गावचा संघ त्या आठांत होता, आणि पहिली फेरी जिंकून सेमीफायनलला पोचला होता. गेली कित्येक वर्षे तो फायनलला गेला नव्हता. साहेब लहान असल्यापासून त्यांचे वडील त्यांना मैदानावर न्यायचे, दोघांची बसायची पायरी ठरलेली. आता वडिलांच्या हृदयाचे ऑपरेशन झाले होते. "पुढच्या वर्षीचे कोण सांगणार?" असे साहेब म्हणाले, ते मात्र मला स्पष्ट ऐकू आले. संघ फायनलला गेला तर ते घरी जाऊन वडिलांशेजारी त्या पायरीवर बसणार होते. बुधवारचे विमानाचे तिकीट धरून ठेवले होते. संघ हरला तर मात्र मॅनेजरसाहेब म्हणत होते तसे जानेवारीपर्यंत राहून पुढची ट्रायलही उरकायची. सेमीफायनलचा दुसरा सामना त्यांच्या रविवारी संध्याकाळी, म्हणजे आपल्या सोमवारी सकाळी. मुंबईच्या ऑफिसला हो की नाही ते सोमवारी दहाच्या आत कळवायचे होते.

निकाल यायचा तो फॅक्सने. साहेबांच्या भावाचे घराखाली दुकान होते आणि दुकानात फॅक्स होता. आमच्या कंपनीचा फॅक्स मॅनेजरसाहेबांच्या कपाटात कुलपात असायचा. म्हणून पेणच्या बूथचा नंबर दिला, कारण मी रोज सकाळी पेणहूनच गाडी धरायचो. भाऊ लिहायचा, कागद यायचा, मी तो रोह्याला न्यायचो. गेल्या शुक्रवारी पहिल्या सामन्याचा फॅक्स असाच मी नेला होता, दोन-दोन बरोबरी. सोमवारी वेळ कमी होता, म्हणून साहेब म्हणाले, "लिसेन्सियादो, तू वाच आणि फोन कर."

तू वाच. मला रात्रभर झोप लागली नाही असे लिहिणार होतो, पण लागली.

इथे एक गोष्ट लपवून उपयोग नाही. साहेब राहिले तर माझी दिवसाची ड्युटी राहणार होती, वही राहणार होती, ती हाक राहणार होती. ते गेले की मी परत जुन्या प्लँटवर तिसऱ्या शिफ्टला. संघ हरावा असे मी कधी मनात म्हटले नाही. जिंकावा असेही म्हटले नाही.

सोमवारी नऊच्या सुमारास फॅक्स आला. बूथ चालवणाऱ्या काकूंनी कागद यंत्रातून ओढला तो वाकडा ओढला.

"कोपरा फाटला रे. चालेल ना?"

मी त्या कोपऱ्याकडे बघतच राहिलो. आमच्याकडे कोणी वारले की गावोगावी जे पत्र जाते त्याचा कोपरा फाडलेला असतो. तसे पत्र आले की वाचायच्या आधी घरातल्या बायका रडायला लागतात. कागद मेक्सिकोचा आहे आणि कोपरा पेणला फाटला आहे, हे मी डोळ्यांनी बघितले होते. तरी आधी मी चपला काढल्या.

मग मी वाचायला लागलो. एक-एक. त्याखाली 'ग्लोबल तीन-तीन'. त्या काळी पेपरात रोज ग्लोबल काहीतरी असायचे, तेव्हा हे त्यांच्या देशाच्या धोरणाविषयी असावे असे धरून मी पुढे गेलो. शुक्रवारचे दोन आणि आजचा एक मिळून तीन होतात, हे मला बी.एस्सी.च्या पुष्कळ आधीपासून माहीत होते.

शेवटच्या ओळीत 'पासामोस पोर तबला' असे होते. 'पास' हा आमच्या घरातला सगळ्यात पवित्र शब्द. त्या शब्दासाठी माझ्या आईने नवस केलेले आहेत. पण मी निबंधाच्या पुस्तकातून इंग्रजी शिकलेला माणूस, मला 'पास्ड अवे' आठवले. आणि तबला म्हटल्यावर काय राहिले? आपल्याकडे माणसाचा बोऱ्या वाजतो, बँड वाजतो, त्यांच्याकडे तबला वाजत असेल. शिवाय त्या ओळीच्या सुरुवातीला एक उद्गारचिन्ह होते आणि ते डोक्यावर उभे होते. शुक्रवारच्या कागदावर असे काही नव्हते. आपण कोपरा फाडतो, ते चिन्ह उलटे करत असावेत.

इतके पुरावे जमल्यावर मला शंका उरली नाही. मी कंपनीत फोन लावला.

"सर, व्हेरी सॉरी," मी म्हणालो. "आउट."

 पलीकडून, "शुअर?"

"शुअर, सर."

"ओके, लिसेन्सियादो. ग्रासियास."

त्यांनी आकडे विचारले असते तर मी सांगितले असते आणि सगळे तिथेच मिटले असते. त्यांनी विचारले नाहीत, आणि मीही आपणहून सांगितले नाहीत. वाईट बातमी फोनवर तपशिलात सांगू नये ही आमच्याकडची रीत. एवढी एकच रीत मी त्या दिवशी बरोबर पाळली.

गाडी गडबला थांबली, नागोठण्याला थांबली, निडीच्या फाटकाला तर मुक्कामच केला. रोह्याला उतरून कंपनीत पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. साहेब ड्रायरच्या लोखंडी जिन्यावर उभे होते. मी दुखवट्याला गेल्यासारखा चेहरा करून कागद दोन्ही हातांनी दिला. त्यांनी तो वाचला. परत वाचला.

"लिसेन्सियादो, इथे काय लिहिले आहे?"

मी त्यांना कोपऱ्याचे सांगितले. कोपरा का फाडतात ते सांगितले, उलट्या चिन्हाचे सांगितले, शेवटी तबला वाजवून दाखवला. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. सगळे ऐकून घेतले आणि हसायला लागले, इतके की खालून फिटर वर बघायला लागला. मग एकदम थांबले. हातमोजे काढून जिन्याच्या पायरीवर बसले आणि घड्याळ बघितले.

"ताब्ला," ते म्हणाले, "तक्ता." वही मागून घेऊन त्यांनी पुन्हा आठ चौकोन काढले. ग्लोबल म्हणजे दोन्ही सामन्यांची बेरीज, आणि ती सारखी झाली तर साखळीच्या तक्त्यात ज्याचा नंबर वर, तो पुढे जातो. यांचा नंबर तिसरा, समोरच्यांचा पाचवा. पासामोस म्हणजे आम्ही पास झालो, आणि ते उलटे चिन्ह त्यांच्या भाषेत आनंदाच्या वाक्याआधीही लावतात. या वेळी कॉम्प्रेसर बंद होता.

आम्ही दोघे मॅनेजरसाहेबांकडे गेलो. त्यांनी दहाला पाच मिनिटे कमी असतानाच मुंबईला फोन करून तिकीट सोडले होते. त्यांनी परत फोन लावला. डिसेंबर महिना, सोडलेली जागा अर्ध्या तासात गेली होती. मॅनेजरसाहेब फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणाले, "इंग्रजी चांगले आहे म्हणाला होतास."

"सर, हे स्पॅनिश होते."

"मग वाचलेस कशाला?"

 दुपारपर्यंत कँटीनमध्ये बातमी पोचली. फिटर म्हणाला, "लायसन्स जप्त." ते नाव मात्र जप्त झाले नाही, ते मी नोकरी सोडेपर्यंत चालू होते.

संध्याकाळी घरी सांगितले. वडील जेवत होते.

"म्हंजे हरली नाय ती?"

"नाही. बरोबरी झाली."

"मंग नारल कोनाला?"

आमच्या गावात हुतुतूचे सामने होतात. जिंकणाऱ्याला देवीपुढचा नारळ, आणि बरोबरी झाली तर तो फोडून अर्धा अर्धा. मी वही काढून आठ चौकोन काढायला लागलो. वडिलांनी वहीकडे बघितलेही नाही.

"पयल्यापासून ज्यानी जास्ती मीठ काढलं त्याचा ढीग उंच. बरोबरी झाली तं उंच ढीगवाला पुढं. यात कलायला काय हाय?" ते म्हणाले. एक घास घेतला आणि विचारले, "आनि त्याचा बापूस? तो वाट बघित आसंल."

"असेल."

"मंग तू काय केलंस?"

मी काही केले नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी रजा टाकून मुंबईला गेलो. विमान कंपनीच्या ऑफिसात मी आदल्या रात्री लिहिलेला इंग्रजी अर्ज दिला, 'सविनय विनंती' पासून 'आपला आज्ञाधारक' पर्यंत. काउंटरवरच्या बाईंनी तो पूर्ण वाचला, हे त्यांचे मोठेपण. "वडील आजारी आहेत का?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "नाही, फुटबॉल आहे." त्यांनी वेटिंग लिस्टचा नंबर लिहून दिला. बुधवारचे विमान गेले, शुक्रवारचेही गेले, तो नंबर काही हलला नाही.

साहेब मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट त्या आठवड्यात त्यांनी मला तो ड्रायर आतून-बाहेरून शिकवला, प्रत्येक वॉल्व्ह उघडून. पुढे त्याच जोरावर मी त्या मशीनचा माणूस झालो आणि तिसरी शिफ्ट कायमची सुटली. म्हणजे माझ्या चुकीचा जगात कोणाला फायदा झाला असेल तर तो मला. एकदा मशीन पुसता पुसता मी त्यांना सांगून टाकले की तुम्ही राहावे असे मला वाटत होते. ते वॉल्व्ह घट्ट करत म्हणाले, "माहीत आहे. पाना दे."

फायनलचा पहिला सामना बरोबरीत सुटला. दुसरा त्यांच्याच गावात, पुढच्या सोमवारी आपल्या सकाळी. साहेब कंपनीच्या जीपने रोह्याहून उजाडता उजाडता पेणला आले. काकूंनी त्यांच्यासाठी बूथ लवकर उघडला. मी आलो तर माझ्याबरोबर वडीलही आले. मिठागरावर न जाता ते धुतलेला शर्ट घालून का येताहेत, हे मी विचारले नाही.

फोन तिकडून आला. साहेबांचे वडील मैदानावर गेलेच नव्हते. शेजारी मुलगा नाही तर त्या पायरीवर बसून काय करू, म्हणाले, आणि घरी रेडिओपाशी बसले. आता ते रिसीव्हर रेडिओला लावून धरत होते आणि साहेब इकडे काचेच्या खोलीत कानाला लावून उभे होते. आम्हाला काही ऐकू येत नव्हते. साहेब काचेतून बोटे दाखवायचे. शून्य-शून्य. मग आमच्या बाजूचे एक बोट. मग त्यांच्या बाजूचे. माझे वडील बाकावर पुढे सरकून बसले होते.

"संपली का?"

"वेळ संपली. एक-एक. बेरीज सारखीच."

"मंग जितलो आपून. ढीग उंच हाय."

"नाही बाबा," मी म्हणालो. एव्हाना मी या विषयातला तालुक्यातला एकमेव जाणकार होतो. "फायनलला तक्ता चालत नाही. जादा वेळ, नाहीतर पेनल्टी."

"असा कसा? सेमीला चालतो, फायनलला नाय?"

याचे कारण मला आजही माहीत नाही.

जादा वेळही तसाच गेला. पेनल्टी सुरू झाल्या आणि साहेबांनी एकदम रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितले. लाइन तुटली होती. त्यांनी बटणे दाबली, काकूंनी दाबली. लागेना. साहेब बाहेर येऊन माझ्या वडिलांशेजारी बाकावर बसले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. वडिलांनी जरा सरकून जागा केली.

पंधरा-वीस मिनिटांनी फॅक्सचे यंत्र वाजले. काकू उठल्या, पण साहेबांनी हात करून मला खूण केली. मी फूटपट्टी लावून, श्वास धरून कागद फाडला. चारही कोपरे शाबूत. तो त्यांना द्यायला गेलो तर त्यांनी घेतला नाही.

"लिसेन्सियादो, तू वाच."

तीनच ओळी होत्या. पेरदिमोस. पेनालेस. पापा बिएन. उलटे चिन्ह कुठेच नव्हते. त्या आठवड्यात मी बाकी काही नाही तरी हे शब्द पाठ केले होते. खाली एखादा तबला आहे का, म्हणून मी कागद मागूनही बघितला.

"हरले, सर," मी म्हणालो. "पेनल्टीवर. वडील बरे आहेत."

"शुअर?"

मी कागद परत वाचायला लागलो. वडिलांनी माझ्याकडे आणि मग साहेबांकडे बघितले, आणि काय चालले आहे ते ओळखून सरळ मराठीत म्हणाले, "साहेब, याच्या वाचन्यावं जाव नका. परत इचारून घ्या. गेल्या टायमाला पन यो असाच बोललेला."

मी त्याचे भाषांतर केले. करावेच लागले. साहेब हसले आणि त्यांनी खरोखरच काकूंना नंबर लावायला सांगितला. माझ्या अज्ञानावर कोणी आशा ठेवावी असा प्रसंग माझ्या आयुष्यात तेवढाच. फोन लागला. ते दोन-तीन वाक्ये बोलले, बराच वेळ नुसते ऐकत राहिले, मध्ये एकदा 'पापा' म्हणाले. मी बरोबर वाचले होते.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, शांतपणे वाचला, आणि वरचा उजवा कोपरा चिमटीत धरून सावकाश फाडला. मग घडी घालून खिशात ठेवला.

वडील ते बघत होते. त्यांनी मला कोपराने ढोसले.

"बघ," ते म्हणाले, "यो आपलं शिकला. तू त्याचं कवा शिकशील?"